दोन चौकटी, एक नाव

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. नाव छान होतं, तक्रारीला जागा नव्हती. फक्त ते माझं आहे हे माझ्या कानांना काही केल्या पटेना. सासूबाई मागीलदारी आमसुलं वाळत घालताना हाका मारत, आणि मी ओटीवर ढिम्म.

“कधीची हाका मारत्ये गो, कानात बोळे घातलेस काय?”

त्यांना मी शिष्ट वाटायचे. मला रडू यायचं, आणि नेमकं कशाचं ते कळायचं नाही.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. मारुती मंदिरापाशी एका छोट्या कॉम्प्युटर ऑफिसात मी नोकरी करत होते. कोकम सरबत करणाऱ्या बायकांच्या मंडळाची वेबसाइट माझ्याकडे आली. सभासद नोंदणीच्या पानावर त्यांना दोन चौकटी हव्या होत्या: माहेरचं नाव आणि सासरचं नाव. बँकेत एक, रेशनकार्डावर दुसरं, असा निम्म्या बायकांचा घोळ होता.

पानावरची प्रत्येक चौकट आत प्रोग्रॅममधल्या ‘सभासद’ नावाच्या ऑब्जेक्टच्या, म्हणजे जणू एका कपाटाच्या, एखाद्या खणाला बांधायची, अशी पद्धत. चौकटीत लिहिलं की खणात जातं, पान पुन्हा उघडलं की खणातलं चौकटीत येतं. तपासायला मी स्वतःचीच दोन्ही नावं भरली, सेव्ह केली, पान उघडलं. दोन्ही चौकटींत सासरचंच नाव. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. अख्खी दुपार गेली, डोकं भंजाळलं. मंडळ राहिलं बाजूला. मला माझं नाव त्या चौकटीत टिकलेलं बघायचं होतं.

शेवटी ऑफिसच्या मालकांना, म्हणजे सरांना, बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं.

“‘नाव’ हा खण एकच केलायस, आणि दोन्ही चौकटी त्यालाच बांधल्यायस. मग शेवटी येतं ते राहतं.”

“आणि आधीचं कुठे जातं?”

“कुठे जाणार? जातं,” म्हणाले, आणि चहाला निघून गेले.

मी दुसरा खण केला. दोन्ही नावं गुण्यागोविंदाने दिसू लागली. मंडळाचं काम झालं, माझा गोंधळ होता तिथेच.

त्याच आठवड्यात संध्याकाळी घरचा फोन वाजला. मी उचलला. लाइनवर नुसती खरखर. पलीकडून एका बाईने माझं सासरचं नाव घेऊन, ती घरात आहे का, असं अदबीने विचारलं. “बोलावते हं,” म्हणाले आणि रिसीव्हर बाजूला ठेवून आत वळले. माजघरात पोचल्यावर लक्षात आलं, आवाज आईचा होता.