पोस्टरपाशी थांबलेली माणसं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हुमनाबादच्या स्टँडवर ज्यांच्याबरोबर रोज चहा घेतो, त्यांनाही नाही. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून जमतंय कदाचित.

गुलबर्ग्याला आम्ही एकाच गाईडकडे पीएचडी करत होतो — मी आणि सुजाता. ती दुबलगुंडीची. तुरीच्या मर रोगावर तिचं काम. हिरवंगार झाड आठ दिवसांत उभ्या उभ्या वाळतं, आणि बांधापलीकडच्या शेतात एकही मरत नाही — कामून? हा प्रश्न तिने आपल्या शिवारातून आणला होता, आणि मातीही तिथलीच. पिशव्यांवर मराठीत लिहायची, ‘मल्लप्पाची खालची पट्टी’, ‘अक्काच्या विहिरीजवळ’. गाईड हसायचे.

लॅबमध्ये सगळ्यांना ती अण्णा म्हणायची. मला मात्र नावाने — सिद्राम. एवढ्यावर मी काय काय रचून ठेवलं होतं! बोललो मात्र नाही. ती बौद्ध, आम्ही लिंगायत. सगळी माणसं सारखी, हे आमच्या घरात रोज म्हटलं जायचं. तरी तिथे तिचं नाव काढायची हिंमत मला झाली नाही.

त्या वर्षी हैदराबादला मोठी परिषद होती. देशोदेशीचे शास्त्रज्ञ, हॉलभर पोस्टरच्या रांगा — एकेका मोठ्या कागदावर एकेकाचं संशोधन. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, म्हणून तिचं पोस्टर घेऊन मी गेलो. त्यावर माझं नाव दुसरं, मदतीपुरतं. ईमेल मात्र माझा — तिच्याकडे नव्हताच. शेजारी टाचणीनं एक पाकीट लाव, म्हणाली होती. कुणाला काही विचारायचं असलं तर चिठ्ठी टाकतील.

लोक थांबले.

एवढं एक वाक्य लिहायला मला वीसेक वर्षं लागली. थांबले, वाचलं, पुढे जाऊन परत आले. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगत राहिलो. पाकिटात सात चिठ्ठ्या पडल्या. त्यातली एक परदेशातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंची — हिला माझ्याकडे कामाला पाठवा, खर्चाचं आम्ही बघू. मला आनंद झाला का? झाला. क्षणभर. मग वाटलं — ही एकदा गेली, तर परत माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन कशाला बसेल?

परत आलो तर ती लॅबच्या दारातच उभी.

“कामून गप बसायलास? कुणी थांबलंच न्हाई व्हय?”

“न्हाई.”

“मग चार दिवस काय बिर्याणी खात व्हतास?” म्हणाली, हसली. आणि मातीच्या पिशव्या नीट लावत बसली — खूप वेळ. त्या आधीच नीट लावलेल्या होत्या.

माझा गुन्हा एवढाच असता तर? पण महिनाभराने त्या बाईंचा ईमेल आला, मुलीचं उत्तर का नाही म्हणून. मी लिहिलं — तिने संशोधन सोडलंय.

तेव्हा सोडलं नव्हतं. चार महिन्यांनी सोडलं. बी.एड. केलं, औरादच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते.

शेजारचं टेबल रिकामं झालं ते झालंच. मग तिला अडवून मी काय मिळवलं? अजूनही कुठल्या परिषदेला गेलो की रांगेरांगेतून पोस्टरवरची पहिली नावं वाचत फिरतो. कुणाचं शोधतो, ते सांगायला नको.

मागच्या वर्षी बिदरला एका लग्नात भेटली. केस पिकलेत. बोलता बोलता म्हणाली, “बरं झालं सोडलं मी. माझं कामच तेवढ्या लायकीचं व्हतं, सिद्राम.”

जेवणाचं ताट हातात धरून मी म्हणालो — व्हय.

तिचं काम चांगलं होतं. तिला बोलावणं आलं होतं, आणि नकार मी कळवला. हे तिला तोंडावर सांगणं माझ्याकडे बाकी आहे.