खुंटीवरचे बूट

बाळोजी जमादार माणसाची पारख पायांपासून सुरू करायचा आणि बहुतेक वेळा तिथेच संपवायचा. जव्हार संस्थानच्या पागेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहून म्हणाला, "शहरातले दिसता. पाय घरी ठेवून आलात." तो मला त्या क्षणी आवडला नाही आणि पुढेही कधी आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणाची गफलत नको.

मी तेव्हा संस्थानचा रस्ते-ओव्हरसिअर होतो. जव्हारपासून मोखाड्याकडच्या हद्दीपर्यंतचा रस्ता, त्यावरच्या मोऱ्या आणि पावसाआधी टाकायची खडी, एवढं माझं काम. घोडा मला जमेना, म्हणून कारभाऱ्यांनी मुंबईहून एक जुनी मोटारसायकल मागवली. गाव तिला फटफटी म्हणू लागलं. पण वाहन म्हटलं की ते पागेचं, असा रिवाज होता, त्यामुळे फटफटी बाळोजीच्या ताब्यात गेली. घोड्यांच्या रांगेत शेवटच्या ठाणावर त्याने तिला उभं केलं आणि पेट्रोलचा डबा दाणा-चंदीच्या कोठीत कुलपात ठेवला.

पागेत त्याचा एक नियम होता. नव्या स्वाराने पायाला बांधलेलं काही घालायचं नाही. एकदा पडायचं, स्वतःच्या पायावर उठायचं, मग बूट मिळणार. "पडल्याशिवाय बूट नाही," हे तो इतक्या शांतपणे म्हणायचा की जणू मीच काहीतरी अचरट मागतो आहे. मग मी वहाणा घालून फटफटी चालवू लागलो. पहिल्याच आठवड्यात धुराची तापलेली नळी घोट्याला चिकटली. किक मारताना दांडा उलटा येऊन नडगीवर बसला. खडी उडून बोटं सोलली ती वेगळीच.

कासमभाई चर्मकाम करायचे. मी सरळ त्यांच्या दुकानात गेलो. काय हवं ते मी ठरवूनच गेलो होतो. बूट घोट्याच्या वर टीचभर तरी हवा. उजव्या पायाला आतल्या बाजूने दुहेरी चामडं, कारण नळी तिकडे. नाडी नको, ती दांड्यात गुंतते. पट्टा आणि बकल, तेही बाहेरच्या बाजूला. टाच बसकी. तळाला खिळे नकोत, लोखंडावर घसरतात. पुढे बोटांवर जाड, कडक टोपी.

कासमभाईंनी ऐकून घेतलं. "साब, हा बूट आहे की किल्ला?"

"किल्लाच समजा."

"मग दरवाजा कुठे ठेवू?" असं म्हणत त्यांनी माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. त्यांनी घोडेस्वारीचे तयार उंच बूट दाखवले, ऐटबाज होते. पण घोटा लाकडासारखा, ब्रेकवर पाय वाकेना. शिकारी बूट दाखवले, ते मऊ होते, पण अंगठ्याने दाबलं की आत बोट लागायचं. शेवटी माझ्या मनासारखे नवेच शिवले. माझ्या आयुष्यातली ती पहिली वस्तू, जी मी पूर्ण विचार करून निवडली होती.

ते घालून मी पागेत गेलो. बाळोजीने कुलपाकडे हातही नेला नाही.

"बूट काढा. मग पेट्रोल."

"जमादार, हे घोड्याचे नियम आहेत. खोगिराच्या रिकिबीत पाय अडकतो म्हणून. फटफटीला रिकीब कुठे आहे?"

त्याने खाली बसून पाय ठेवायच्या दांड्यावर टिचकी मारली. "हे काय मग? पाय ठेवायची जागा म्हणजे रिकीब."

"याला कडी नाही. पाय सुटतो."

"माझा धाकटा भाऊ हेच म्हणाला होता," बाळोजी म्हणाला. "नवे बूट होते. शिरपामाळावरून घोड्याने त्याला खाली आणला तो पाय रिकिबीत, आणि बाकीचा जमिनीवर. बूट मात्र चांगले राहिले."

मला कारण समजलं. राग गेला नाही. घोडा आणि यंत्र यातला फरक न समजणाऱ्या माणसाच्या दुःखासाठी माझा घोटा का जळावा? मी कारभाऱ्यांकडे गेलो. ते हसले. "पागेत बाळोजीचा शब्द. पडा की एकदा हळूच." मुद्दाम पडायला मी तयार नव्हतो. बाळोजीने माझे बूट खोगिरांच्या शेजारी खुंटीला टांगले, वर तेल लावून चकचकीत ठेवले. रोज सकाळी ते बघत मी वहाणांत बाहेर पडायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर मोखाड्याकडच्या उतारावर चाक खडीत सरकलं. गाडी उजव्या पायावर पडली. वहाण कुठल्या कुठे गेली. शेतातून दोघं धावत आले.

"मेला का रं?"

"नाय. कोना बाळोजीला शिव्या देतोय."

"मंग जगंल."

त्यांनी गाडी उचलली आणि मला डोलीत घालून जव्हारला आणलं. डॉक्टरांनी उजव्या पायाची दोन बोटं काढली. कडक टोपीखाली ती सुखरूप राहिली असती, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी बाळोजी दवाखान्यात आला. हातात बूट. खाटेखाली जोडीने नीट ठेवले. मी म्हटलं, "चालते व्हा." तो गेला नाही. माझ्या बांधलेल्या पायाकडे बघत राहिला आणि मी त्याला पहिल्यांदाच खूश झालेलं पाहिलं.

"बघा साहेब, पाय सुटून निघाला," तो म्हणाला. "बूट असता तर गाडीबरोबर दरीत गेला असता."

तिथे दरी नव्हती. शेत होतं. पण पुढे कितीतरी वर्षं तो नव्या स्वारांना माझं उदाहरण द्यायचा. ओव्हरसिअर साहेब अनवाणी होते म्हणून वाचले. मी लंगडत समोरून जात असलो तरी द्यायचा.

माझं फटफटीवर बसणं संपलं. कारभाऱ्यांनी गाड्यांचा कारभार माझ्याकडे दिला. पेट्रोलची किल्ली मात्र बाळोजीने सोडली नाही. दुसरी फटफटी आली तेव्हा तिच्यावर खोडाळ्याचा धर्मा हा तरणा गडी नेमला. मी कासमभाईंकडून त्याच्या मापाचे तसेच बूट शिवून घेतले आणि पागेत त्याच्यापुढे ठेवले.

धर्माने ते घातले, दोन पावलं टाकली. "सायेब, ह्यात पाय आंधला होतोय."

बाळोजी म्हणाला, "ऐका. त्याचा पाय बोलतोय."

"बूट काढायचे नाहीत," मी धर्माला सांगितलं. "जमादार, किल्ली."

"त्याला विचारा तरी."

"मला तुम्ही विचारलं होतं?"

बाळोजीने किल्ली माझ्या हातात दिली नाही. शेणात टाकली. मी वाकून उचलली, धुतली आणि कोठी उघडली. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात सूर्यमाळच्या बाजूला धर्मा पडला. गाडी पायावरच पडली. उजव्या बुटाची टोपी चेपली, आतल्या बाजूचं चामडं फाटलं. पाय साबूत. मी तो बूट घेऊन बाळोजीच्या घरी गेलो. तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. मी बूट त्याच्या उशाशी ठेवला. त्याने बुटात हात घातला, पार टोपीपर्यंत, आणि बराच वेळ आत चाचपत राहिला.

"अडकला असता तर?"

"अडकला नाही."

"या खेपेला," असं म्हणून त्याने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो गेला त्या दिवशी पागेतले सगळे त्याला पोचवायला गेले. मी गेलो नाही. दोन स्वार फटफट्यांवरून मोखाड्याच्या वाटेला निघायचे होते, आणि त्यांना खुंटीवरचे बूट काढून द्यायला कुणीतरी मागे राहायला हवं होतं.