वाइनरीतल्या गोवऱ्या

माझा राग कमी व्हावा म्हणून मुलीने मला डोंगरावर पाठवलं आणि मी तिथून दुप्पट राग घेऊन खाली उतरले.

राग कशाचा, तर स्वयंपाकाचा. अमरावतीच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आणि नोव्हेंबरात निवृत्त झाले. समारंभात मुख्याध्यापकांनी शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले की आता मॅडमनी आराम करावा. दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, की आता तू घरीच आहेस तर दुपारची पोळीही गरम मिळेल का? (नारळ तेव्हा माझ्या हाताशीच होता. मी तो देवापुढे नेऊन ठेवला. माझ्या संयमाची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हे लिहिते आहे.)

महिनाभर मी भांडी आपटली. शेवटी आवाज पुण्यापर्यंत गेला असावा, कारण मुलीचा फोन आला. तिने आम्हा दोघांसाठी एक दिवसाची सहल ठरवली होती. परतवाड्याच्या पुढे, घाटात, डोंगरावरच्या दोन वाइनऱ्या. आठच माणसं, छोटी गाडी, वाइन चाखायची, द्राक्षाचे मळे पाहायचे आणि जेवण तिकडेच. "आई, तू फक्त बसायचं," ती म्हणाली.

फक्त बसायचं! वाइन गेली चुलीत, मी त्या एका वाक्यावर भाळले. लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत आम्ही लग्नाला गेलो, देवाला गेलो, ह्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो. प्रत्येक वेळी माझ्या मांडीवर डबा होता. तेव्हा मी कॅलेंडरवर जानेवारीतल्या त्या रविवाराभोवती लाल पेनाने गोल काढला आणि जाहीर केलं, की या दिवशी मी गॅस, लाटणं, विळी, परात यांतल्या एकाही वस्तूला हात लावणार नाही. आयुष्यात एक दिवस मला हवा होता, बाकी काही नको होतं.

आमच्या ह्यांनी मान डोलावली आणि लगेच आपल्या बहिणीला दर्यापूरला फोन लावला.

गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे. शनिवारी संध्याकाळी मंगलाताई, म्हणजे माझी मोठी नणंद, आणि त्यांचे यजमान भाऊसाहेब दारात हजर. सोबत दोन पिशव्या आणि तोंड शिवलेलं एक पोतं. पोत्यात काय आहे विचारलं, तर ताई म्हणाल्या, असंच, थोडं सामान. मी गणिताची बाई. एका दिवसाच्या सहलीला पोतंभर सामान लागत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. पण शनिवार अजून संपला नव्हता, मला चौघांचा स्वयंपाक करायचा होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

रविवारी पहाटे पाचला ताईंनी हाक मारली, की चहा होऊन राहिला का? मी तो केला. चहा हा स्वयंपाकात धरायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

गाडीत आमच्याशिवाय अकोल्याचे एक डॉक्टर पती-पत्नी होते आणि नागपूरची नुकतंच लग्न झालेली एक जोडी. त्यातला नवरा मुलगा खिडकीतून डोंगराचे फोटो काढत होता. पोतं मात्र मधल्या वाटेत होतं, त्यामुळे घाटाच्या प्रत्येक वळणावर ते डॉक्टरांच्या गुडघ्यावर जाऊन पडायचं. डॉक्टर दर वेळी पोत्यालाच 'सॉरी' म्हणत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले. पोतं आमचं नाही असा चेहरा करण्याची मला ह्यांच्या घरात आल्यापासून सवय आहे.

वाइनरी खरंच छान होती. डोंगराच्या उतारावर द्राक्षांच्या ओळी, वर कौलारू पडवी, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाच-पाच ग्लास. मालक पूर्वी संत्र्याचे बागाईतदार, आता द्राक्षात उतरलेले. त्यांनी कामावर ठेवलेली एक हसरी मुलगी आम्हाला समजावून सांगू लागली. आधी रंग पाहायचा. मग ग्लास हलकेच फिरवायचा. (भाऊसाहेबांनी ताक घुसळल्यासारखा फिरवला आणि अर्धी वाइन आमच्या ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेली.) मग वास घ्यायचा. कसला वास येतो, तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, जांभळाचा. आमचे हे खूप विचार करून म्हणाले, भिजलेल्या पोत्याचा. ती मुलगी म्हणाली, 'छान!' असल्या उत्तरांना 'छान' म्हणायला तिला पगार कमी पडत असणार.

मग ती म्हणाली, घोट तोंडात घोळवायचा आणि नको असेल तर या बादलीत थुंकायचा. बरेच प्रकार चाखायचे असतात, सगळं प्यायलं तर चढतं, म्हणून जाणकार लोक थुंकतात. असं म्हणून तिने स्टीलची एक लखलखीत बादली टेबलाच्या मधोमध ठेवली.

मंगलाताईंचा चेहरा बदलला. या बाईच्या घरी पाहुण्याने ताटात भाताचं शीत टाकलेलं चालत नाही. वाढताना त्या समोरच्याच्या हातावर वाढतात, आणि पानात राहिलं तर तो ते संपवेपर्यंत समोर बसून राहतात. मला वाटलं होतं त्या दारू बघून बोंब मारतील. दारूचं त्यांना काहीच वाटलं नाही, बादलीचं वाटलं.

"बाई, कोनी आपल्या घरी बोलावून खायले-प्यायले देते, अन् आपन त्याच्यासमोरच थुकाव?" त्या म्हणाल्या. "हे कोनतं वळन हाय?"

ती मुलगी म्हणाली, 'आजी, सगळीकडे असंच करतात.' ताईंनी ते ऐकलं नाही. त्यांनी आपला ग्लास रिकामा केला. मग डॉक्टरीणबाई बादलीकडे वाकल्या, तसा ताईंनी त्यांचा हात धरला आणि गिळायला लावलं. नागपूरच्या मुलीने ग्लासात अर्धी सोडली होती, ती ताईंनी प्यायली, अन्न टाकू नये म्हणून. भाऊसाहेबांची प्यायली. माझ्या ग्लासातली मी घट्ट धरून ठेवली होती, ती मी स्वतः संपवली, कारण नाहीतर त्यांनी तीही सोडली नसती. पाच प्रकार झाले. बादली कोरडी ती कोरडीच. ताईंच्या कपाळावरचं कुंकू कानाकडे सरकलं होतं आणि त्या डॉक्टरांना 'जावईबापू' म्हणायला लागल्या होत्या.

मी रागाने लाल झाले होते, पण बसलेली होते. माझं व्रत शाबूत होतं.

मग जेवण आलं. एका लाकडी फळीवर चीजचे पाच तुकडे, अकरा द्राक्षं, थोडे बदाम आणि कडक पावाच्या पातळ चकत्या. अशी दोघांत एक फळी. भाऊसाहेब बराच वेळ फळीकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं हे चाखायला आहे, जेवण मागून येतंय. मुलीने सांगितलं की हेच जेवण. मग त्यांनी इतक्या दुःखाने चीजचा तुकडा उचलला, की मी माझ्या वाट्याची द्राक्षं त्यांच्याकडे सरकवली.

आणि मंगलाताई उठल्या. थोड्या झुलत, पण उठल्या.

"म्या म्हटलंच होतं. डोंगरावर चाललो त रोडगे केल्याबिगर वापस येनं होते काय? भाऊ, पोतं आन," त्यांनी आमच्या ह्यांना फर्मावलं.

पोत्यात गोवऱ्या होत्या. शेणाच्या, शेकड्याने. पिशव्यांत भरड दळलेली कणीक, वांगी, कांदे, तुरीची डाळ, तिखटमीठ, तुपाचा डबा, डाळ-भाजी शिजवायचे दोन गंज आणि परात. ताईंच्या हिशेबाने डोंगर एकाच कामासाठी असतो. आपल्याकडे देवाच्या डोंगरावर जाऊन गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड गोळे, म्हणजे रोडगे, भाजतात. ताई जन्मात ज्या ज्या डोंगरावर गेल्या तिथे रोडगेच झाले होते. या डोंगरावर देव नाही, वाइनरी आहे, एवढ्याने त्यांच्या बेतात फरक पडणार नव्हता.

मी ह्यांना बाजूला घेऊन दातओठ खात सांगितलं, की मी हात लावणार नाही. उलटी टांगली तरी नाही. हे म्हणाले, तुले कोन म्हनून राहिलं, तू बस. मी बसले. पाय लांब करून, ग्लास हातात धरून, द्राक्षांकडे तोंड करून बसले.

मागून गोवऱ्या रचल्याचे आवाज आले. मग धूर आला. गोवरीचा धूर काही साधा नसतो, एकदा उठला की त्याला खाली बसायची घाई नसते. तो पडवीत भरला, टेबलावर पसरला आणि वाइनची पिंपं ठेवलेल्या तळघराच्या दाराकडे निघाला. मालक आतून धावतच आले. वाइनला धुराचा वास लागला तर वर्षभराचं पीक वाया जाईल, असं ते ओरडत होते. त्यांचा चौकीदार, चांगला दांडगा मिशीवाला माणूस, त्याने पाणी शोधलं, पाणी दिसेना, म्हणून टेबलावरची ती स्टीलची बादली उचलली आणि धावत जाऊन गोवऱ्यांवर उपडी केली.

एक थेंब पडला नाही.

चौकीदार बादलीत डोकं घालून बघत राहिला. ती हसरी मुलगी पहिल्यांदाच हसायची थांबली. इतक्या सहली आल्या, पण बादली कोरडी राहिल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी शहाणपणा केला आणि फावड्याने विस्तव ओढत खालच्या मोकळ्या जागेत नेला, जिथून वारा दरीकडे जात होता. मालक तळघराचं दार बंद करून आले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि दोन-तीनदा वास घेऊन हळूच म्हणाले, "रोडगे हायत काय? माय गेल्यापासून खाल्ले नाई."

झालं. आता हाकलणाराच पंगतीला बसला.

मी अजूनही बसलेली होते. पण मान वळली. काय सांगू! ताई कणीक मळत होत्या आणि तांब्यातलं पाणी परातीत पडत होतं, पडत होतं, थांबतच नव्हतं. कणकेची पेज झाली होती. डॉक्टरीणबाई त्यात बोटांनी काहीतरी शोधत होत्या. भाऊसाहेब वांगी अख्खी, देठासकट गंजात टाकत होते, आत मीठ नाही, मसाला नाही, काही नाही. आणि आमचे हे! आमच्या ह्यांनी बाहीवर कणीक लावून घेतली होती आणि रोडगा म्हणून हातात एक चपटी, लिबलिबीत गोष्ट धरून ती विस्तवात टाकायला निघाले होते. पोटात तुपाची घडी नाही, गोल नाही, मोहन नाही. ती विस्तवात पडली असती तर राख आणि पीठ यांचं पिठलं झालं असतं.

मी डोळे मिटले. लाल गोल आठवला. हा दिवस माझा आहे, माझा आहे, असं तीनदा म्हटलं.

मग मी उठले आणि ह्यांच्या हातातून ती गोष्ट हिसकावून घेतली.

"व्हा बाजूले सगळे! जे येत नाई ते कावून करता?"

पुढचे दोन तास मी कोणाला हात लावू दिला नाही. कणकेत आणखी भरड घालून ती घट्ट केली, तूप लावलं, घड्या घातल्या, गोळे वळले. वांगी बाहेर काढून चिरली. डॉक्टरांना डाळ घोटायला बसवलं, चौकीदाराला राख झटकायला फडकं दिलं, नागपूरच्या नवऱ्या मुलाला म्हटलं, फोटो पुरे, कांदे सोल. ताई माझ्या खुर्चीत, माझा ग्लास हातात धरून, पाय लांब करून झोपल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला इतका संताप आला, की मी आणखी सहा रोडगे केले.

रोडगे सोन्यासारखे झाले. हे मी रागात सांगते आहे, तरी खरं आहे. तुपात कुस्करलेला घास तोंडात घालून मालकांनी डोळे पुसले. दुसऱ्या वाइनरीची वेळ टळून गेली. ती मी आजतागायत पाहिलेली नाही. परतताना त्या मुलीने अभिप्रायाचा कागद फिरवला आणि मी सोडून सात जणांनी त्यावर 'रोडगे' असं लिहिलं. गाडीत ह्यांनी मला विचारलं, की आज जरा आराम वाटला का? मी माझ्या मांडीवरची परात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

चार दिवसांनी वाइनरीच्या मालकांचा फोन आला. येत्या रविवारी मोठा ग्रुप येतो आहे, लोक रोडग्यांचं विचारताहेत, तर काकूंनी यावं अशी फार इच्छा आहे. मी जी सुरू झाले ती दहा मिनिटं थांबले नाही. मी काय स्वयंपाकीण आहे? सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आहे मी. निवृत्त बाईला एक रविवार मोकळा मिळू नये? माणसं वाइन प्यायला येतात की जेवायला? मला हे विचारायची हिंमत कशी झाली? ते बिचारे 'बरोबर हाय जी, चुकलंच जी' म्हणत राहिले. शेवटी ते फोन ठेवायला लागले, तेव्हा मी त्यांना थांबवलं.

"ते जाऊ द्या," मी म्हटलं, "पन मानसं किती हायत?"