भोकरदनचा बाजार आणि तीन बाटल्या

हैदराबाद राज्य मोडल्यावर आम्ही नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो आणि मी जालन्याच्या एका कचेरीत अन्ननिरीक्षक म्हणून नवाच लागलो होतो. साहेबांनी हुकूम काढला: भोकरदनच्या बाजारातली अंडी तपासून या. सोबत दिले सुगनचंदजी, आमचे मारवाडी जैन कारकून. ते कागदावरसुद्धा अंड्याला ‘सदर वस्तू’ म्हणत.

भोकरदनला जायचं तर सकाळची पहिली गाडी धरावी. तेव्हा दुसरीचा भरवसाच नव्हता. राजूरपर्यंत खडी, पुढे नुसता फुफाटा. राजूरला दोन आण्यांत द्रोणभर गरम भजी मिळाली.

बाजारात काशाबाई भुशाच्या टोपलीत अंडी घेऊन बसल्या होत्या.

“ताजी आहेत का?” मी रुबाबात विचारलं.

“पाण्यात टाकून बघा की, साहेब. तळाला बसलं की ताजं.”

पातेल्यातल्या पाण्यात चार अंडी सोडली. चारही तळाला बसली. तपासणी खरं तर तिथंच संपली. पण नियमात पातेलं नव्हतं. नमुन्याचे तीन सारखे भाग, तीन बाटल्या, वर लाखेचं सील. एक भाग प्रयोगशाळेला, एक कचेरीला, एक विकणाऱ्याला.

“एका अंड्याचे तीन भाग?” काशाबाई म्हणाल्या. “मंग कोंबडीलाच सांगा न्हाई का, बारीक बारीक तीन घाल म्हणून!”

सगळा बाजार हसला. चारही अंडी फोडून फेटली. सुगनचंदजी नाकाला उपरणं लावून, मान फिरवून लाख वितळवत होते. ती त्यांच्याच बोटांवर सांडली. काशाबाईंनी त्यांचा हात धरून पाण्यात बुडवला.

परतीची गाडी राजूरच्या अलीकडे बंद पडली. उन्हात तीन तास गेले, मग एका बाटलीचं बूच उडालं. उतारूंनी आम्हा दोघांना बाटल्यांसकट टपावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लांबूनच वास घेतला. “प्रयोगशाळा कशाला? अंडी नासकी. खटला भरा.”

“साहेब, ती ताजी होती. नासली आपल्या ताब्यात.”

“कशावरून?”

“पाण्यात टाकून पाहिली.”

“नियमात आहे?”

माझी नोकरी जेमतेम दोन महिन्यांची. मी खटल्याचा कागद पुढे ओढला. तेवढ्यात सुगनचंदजी म्हणाले, “बराबर बोलून राह्यले ते. मी बिलकुल समोर होतो. साक्ष लिहून देतो.”

मग मीही लिहून दिलं. खटला बारगळला, मला हलगर्जीपणाची ताकीद मिळाली.

महिन्याभरानं काशाबाईंना हे सांगायला मुद्दाम गेलो. जागा रिकामी होती. “बाटलीवाले येतेत म्हणून बाजार सोडला तिनं,” शेजारची कांदेवाली म्हणाली. पलीकडे एका व्यापाऱ्यानं लांबून आणलेली अंडी मांडली होती. पावतीसकट चार घेतली. घरी पहिलं फोडलं आणि आईनं दोन्ही खिडक्या उघडल्या. पावती मात्र बिनचूक होती.

नियम वाईट नव्हता. नासकं अंडं माणसाला आडवं करतं. पण त्या बाजारात ताजी अंडी घेऊन बसणारी एक बाई होती, आणि तिला मी उठवलं.