चिकूच्या खोक्यात गेलेलं माझं आयुष्य

माझ्या आयुष्यातले सगळे निर्णय योग्य ठरले आहेत. त्यातला एकही मी घेतलेला नाही.

वडील लवकर गेले. तेव्हापासून माझं सगळं माझा मोठा भाऊ, दादा, ठरवत आला. बारावीनंतर डीएड, मग मास्तरकी, डहाणूतलं घर, घरातल्या टाइल्स आणि बायको, सगळी दादाची पसंती. (बायको उत्तम आहे. टाइल्स निसरड्या आहेत.) दादा नोकरीसाठी वापीला गेला, पण तिथूनही त्याचं लक्ष असायचं.

गेल्या जानेवारीत झरीकडच्या माझ्या शाळेत चौथीला ‘मी कोण होणार’ हा निबंध घातला. एका मुलीने पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "गुरुजी, तुमाला काय व्हायचंय?"

एक्कावन्नाव्या वर्षी हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात घोळत होता. माणसाने इतकं जगावं आणि आपल्याला काय हवं होतं तेच ठाऊक नसावं!

जेवण झाल्यावर कागद घेतला आणि झपाट्याने लिहिलं: स्वेच्छानिवृत्ती घेणार. सायवनला सासऱ्यांच्या जागेत आंब्याच्या कलमांची नर्सरी काढणार. (सासरेही दादाचीच निवड.) शेवटी फळ्यावर काढतो तसल्या टपोऱ्या अक्षरात: ‘यापुढे माझं आयुष्य मी ठरवणार. दादाला विचारणार नाही.’ खाली दोन रेघा मारल्या, कागद रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर गठ्ठा गायब. बायकोला विचारलं.

"ते कागद? चिकूला लावले."

परसातले चिकू आम्ही खोक्यात कागदाचे थर देऊन दादाला पाठवतो. तीन-चार दिवसांत तिकडे पिकतात. खोकं सकाळीच, वापीला कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर रवाना झालं होतं. माझी सगळी बंडखोरी त्याच्या स्कूटरवर बसून बंड ज्याच्याविरुद्ध होतं त्याच्याच घरी गेली होती!

लगेच फोन लावला. "दादा, खोकं चार दिवस उघडू नकोस. चिकू कच्चे आहेत."

दादाला काय करावं हे मी जन्मात पहिल्यांदा सांगत होतो. त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि पाठोपाठ खोकं ओढल्याचा आवाज आला. (मास्तर आहे मी. ‘करू नका’ म्हटलं की पुढे काय होतं, हे मला कळायला हवं होतं.)

मिळेल त्या गाडीने वापी गाठली. चिकू जमिनीवर पसरले होते आणि दादा चष्मा लावून कागद वाचत होता. वहिनीने पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही, तेव्हाच मी समजलो.

"तुला मास्तर व्हायचं नव्हतं?" दादाने विचारलं.

"माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं.

त्याने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. मला तरी काय कळत होतं? भीतीपोटी ठरवत गेलो. वाटायचं, तू एकदा तरी नाही म्हणशील."

त्याने कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "आता मला काही विचारायचं नाही. विचारलंस तरी मी सांगणार नाही."

मला रडू फुटलं. इतकं मोकळं आणि इतकं पोरकं मला बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी आल्या आल्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला बसलो. तासाभराने दादाला फोन केला.

"दादा, अर्ज निळ्या पेनाने लिहू की काळ्या?"

दादा शब्दाचा पक्का. झाडाला पुन्हा चिकू धरले तरी सांगत नाही. मी अजून दोन्ही पेनं समोर ठेवून बसलोय.