आक्कांची खरी कारणं

आक्का कधीही खोटं कारण सांगायच्या नाहीत, आणि माझी सगळी पंचाईत तिथंच होती. खोटं कारण सांगणारी बाई मला परवडते. तिला पकडता येतं, चारचौघींत चिडवता येतं, लाजेकाजेनं का होईना ती पुढचे काही दिवस वेळेवर येते. परभणीत वसमत रोडला दुकानांच्या वरच्या मजल्यावर मी बायकांची व्यायामाची बॅच घेते. पाहुणे आले, लाइट नव्हती, कंबर धरली, अलार्म वाजलाच नाही, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आक्कांचा मात्र सकाळीच फोन यायचा, "म्याडम, आज यायला जमत न्हाई, म्हैस व्यायलीय." आणि दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून खरवसाचा डबा घेऊन त्या जिना चढून वर यायच्या. आता म्हैस खरंच व्यायली, त्यावर मी काय बोलणार?

पुरावा कायम खायचाच असायचा. पाहुणे आले होते म्हणून दांडी पडली की धपाटे, पुतण्याचं लग्न होतं म्हणून पडली की बुंदी, शेतात माणसं लावली होती म्हणून पडली की हुरडा. उरुसाच्या दिवसांत तर हलवा-पराठा कागदात बांधून घेऊन आल्या. मी वजन उतरवायला बायका गोळा करायच्या आणि आक्कांनी त्यांना गोल बसवून खाऊ घालायचं, असा आमचा धंदा चालला होता. मी ओरडले की सगळ्यात मोठा तुकडा माझ्याच हातावर ठेवायच्या. "ओरडून ओरडून तुमचंच वजन उतरायलंय, खा आधी," म्हणायच्या. बायका हसायच्या. मी दातओठ खात तो तुकडा संपवायची, कारण तो लय चांगला झालेला असायचा.

पन्नाशीच्या आक्का पिंगळीहून टमटमनं यायच्या. साडीचा पदर खोचून पायात बूट घालायच्या. ड्रेस घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "मालकानं वळखलं न्हाई तर घरात कोण घेईल मला?" अंगानं भरपूर होत्या, पण ताकद अशी की पाण्याचा भरलेला जार एका दमात उचलून ठेवायच्या आणि आमच्या शहरातल्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. मनात आणलं असतं तर वजन उतरायला त्यांना अवघड नव्हतं. मला सगळ्यात जास्त वैताग याचाच यायचा.

कारण त्यांचं वजन उतरणं ही त्यांची एकटीची हौस नव्हती. पेडगावच्या त्यांच्या धाकट्या भावाच्या, बापूच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आई लवकर गेली, त्यामुळं त्याला आक्कांनीच कडेवर वाढवलेला. भावजयीला स्वतःलाच शुगर, मुलं लहान. आक्कांचं रक्त जुळत होतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाकी सगळं ठीक आहे, बहिणीचं वजन तेवढं उतरवा, मग किडनी घेता येईल. पहिल्या दिवशी भावजयच त्यांना माझ्याकडं घेऊन आली होती. माझे हात धरून म्हणाली, "ताई, कसंबी करा, पण ह्यांचं वजन उतरवा." आक्का बाजूला उभ्या राहून भिंतीवरच्या आरशात आपला पदर नीट करत होत्या.

म्हणजे काम एका माणसाच्या जिवाचं होतं. एक माणूस आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसतोय आणि इकडं त्याची बहीण मला हुरडा खाऊ घालतेय! मी जे जे शिकले होते ते सगळं वापरून पाहिलं. आमच्या कोर्समध्ये शिकवलं होतं की समोरच्यानं कारण सांगितलं की वाद घालू नका, पर्याय द्या. यायला जमत नाही तर शेतात चाला, म्हटलं. त्या म्हशीमागं चालल्या. "म्हैस थांबली की मला थांबावं लागतंय, अन् ती लय थांबती," असं उत्तर आलं. घरी करा म्हणून डंबेल दिले, तर ते लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून बसले. गुडघा दुखतो म्हणाल्या तेव्हा खुर्चीत बसून करायचे व्यायाम शिकवले. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्या आणि मला विचारलं, "आता उठावंबी लागतंय का?"

गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी बापूचं नाव घेऊन पाहिलं. "भाऊ तिकडं मरायलाय आणि तुम्ही इथं बुंदी वाटता?" असं सगळ्यांसमोर बोलले. तो सगळा तास आक्कांनी मान खाली घालून व्यायाम केला, आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. कारण अर्थात खरं होतं. नणंद पडली होती.

दर आठवड्याला भावजयीचा फोन यायचा. "किती झालं, ताई?" मी आकडा सांगायची आणि तिकडून एक उसासा ऐकायची. कधी आकडा होता तिथंच असायचा, कधी चक्क वाढलेला. मला वाटायचं, माझ्याच शिकवण्यात काहीतरी कमी आहे. रात्री नवऱ्याजवळ चिडचिड करायची. तो म्हणायचा, "तू पैसे घेऊन शिकवतेस, किडनी थोडीच देतेयस?" त्याच्यावरही ओरडायची.

मग एके दिवशी बॅच सुटल्यावर मी स्टेशनकडं गेले होते. तिथल्या मिठाईच्या दुकानात आतल्या बाकावर आक्का दिसल्या. पुढ्यात जिलेबीची प्लेट. ज्या बाईनं आम्हाला घास घास हसत भरवला, ती बाई ती जिलेबी एकटीच, कुणाकडं न बघता, कडू औषध घ्यावं तशी गिळत होती. माझं डोकंच फिरलं. मी सरळ आत जाऊन समोर बसले.

"आक्का, हे काय? तासभर घाम गाळायचा आणि खाली उतरून हे?"

त्यांनी प्लेट सारली नाही, लपवलीही नाही. म्हणाल्या, "म्याडम, मला गोड आवडत न्हाई."

"मग कशाला खाताय?"

"वजन उतराया लागलं होतं," त्या म्हणाल्या. "उतरलं तर द्यावी लागंल."

दुकानदार तेवढ्यात पाणी ठेवून गेला. आक्का हळूहळू बोलत राहिल्या. "मला भेव वाटतंय. पोट फाडतेत. पण भ्यावाचंबी एवढं न्हाई, म्याडम. मला कुणी इचारलंच न्हाई बगा. जमिनीच्या टायमाला फोन आला, आक्का, ये, सही करायचीय. म्या गेले, केली. त्याचा राग न्हाई, भावाला जमीन सोडायचीच असती. आताबी तसाच फोन आला. आक्का, ये, तपासायचंय. गेले. रक्त जुळलं तर सगळ्यांनी पेढे वाटले. मला कुणी म्हणलं न्हाई, आक्का, देशील का?"

"विचारलं असतं तर?"

"दिली असती बी," त्या म्हणाल्या. "कुणाला ठावं."

आमच्या भागात बहिणीनं भावाच्या नावे वाटा सोडून देणं इतकं ठरलेलं आहे की त्यात विचारायचं काय असतं, हेच कुणाला कळत नाही. मीही सोडलाय. पण किडनीही त्याच यादीत जाऊन बसावी? मला बापूचा राग आला, भावजयीचा आला, आक्कांचा तर सगळ्यात जास्त आला. इतके महिने त्या बाईनं एक साधं 'नाही' गिळायला किती जिलेब्या खाल्ल्या असतील! मी ओळखीच्या एका सिस्टरकडं चौकशी केली. देणाऱ्याला दवाखान्यात एकटं बसवून विचारतात, मनात नसेल तर घरच्यांना फक्त 'किडनी बसत नाही' एवढंच सांगतात, असं तिच्याकडून कळलं. मी धावत जाऊन ते आक्कांना सांगितलं. मला वाटलं, सुटल्या.

आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे अजून एक कारणच की, म्याडम," म्हणाल्या.

त्यानंतर आक्का रोज यायला लागल्या. म्हैस आजारी पडली तरी आल्या, उन्हाळा असा पेटला की टमटममध्ये बसवत नव्हतं, तरी आल्या. डबे बंद झाले. पाण्याचे जार उचलून झाले की स्वतःहून अजून मागायच्या. वजन भराभर उतरायला लागलं. बॅचमधल्या बायका टाळ्या वाजवायच्या, "भावासाठी बघा कशी जिवाचं रान करायलीय," म्हणायच्या. मला ते ऐकवत नव्हतं. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आक्का, कळतंय ना काय करताय? आकडा खाली आला की तुमच्याकडं काहीच कारण उरणार नाही."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्या चरबीच्या आड किती दिस लपू? मपलं काय ते मला सांगता आलं पायजे."

ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेला आकडा काट्यावर आला, त्याच सकाळी, आक्का काट्यावरून उतरताहेत तोवर भावजयीचा फोन वाजला. "किती झालं, ताई?" आक्का माझ्याकडंच बघत होत्या. आणि मी, लोकांच्या कारणांनी जन्माची बेजार झालेली बाई, चक्क म्हणाले, "अगं, काट्याचा सेल गेलाय. आज बघताच नाही आलं."

आक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सेल चांगला हाय," त्या म्हणाल्या. "वजन बसलंय. पर मी किडनी देणार न्हाई. न्हाई, तब्येत चांगली हाय. मालक काई म्हणाले न्हाईत. कुणी काई शिकवलं न्हाई. मला द्यायची न्हाई. बापूला दे फोन."

सगळ्या बॅचनं ते ऐकलं. फोनमधून भावजयीचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. मग ते थांबलं. बापू फोनवर आला असावा. आक्का एवढंच म्हणाल्या, "बापू, ऐकलंस का?" आणि बराच वेळ फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. मग फोन माझ्या हातात देऊन बाकावर बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. मी विचारलं, "काय म्हणाला तो? शिव्या दिल्या का?"

"बरं आक्का, म्हणला," हुंदके देत त्या म्हणाल्या. "अन् जेवलीस का, म्हणून इचारलं."

एवढं विचारता येणाऱ्या माणसाला आधीचं ते एक का विचारता आलं नाही, याचा संताप मला आजही येतो. आक्कांना त्याचा राग नाही. बापूच्या डायलिसिसच्या दिवशी त्या दवाखान्यात जाऊन त्याच्या शेजारी बसतात. भावजय त्यांच्याशी बोलत नाही. बापू बोलतो. किडनीच्या प्रतीक्षा यादीत त्याचं नाव लागलंय, नंबर कधी येईल ते कुणालाच माहीत नाही.

आमची बॅच मात्र वाईट निघाली. त्यानंतरच्या सोमवारी आक्का खूप दिवसांनी धपाटे करून घेऊन आल्या. एकीचा उपवास निघाला, एकीचं पित्त वाढलं, एकीनं नुकतंच खाल्लं होतं. सख्ख्या भावाला न देणाऱ्या बाईच्या हातचं नको, असं तोंडावर म्हणायची कुणाचीच छाती नव्हती. मी सगळ्यांसमोर बसून तीन धपाटे खाल्ले आणि मग त्या बायकांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोघी बॅच सोडून गेल्या. आक्कांनी डबा बंद केला, बूट काढून पिशवीत ठेवले आणि चपला घालून सावकाश जिना उतरल्या.

पुढचे चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी फोन लावला. म्हटलं, "आक्का, बायकांकडं लक्ष देऊ नका. तुमच्या एकटीसाठी दुपारी वेगळी वेळ ठेवते. कधी येताय?"

"यायचं न्हाई, म्याडम," आक्का म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, मायेचा.

मी सवयीनं कारणाची वाट बघत फोन कानाला धरून राहिले. ते आलं नाही.