बुवांचा वरचा स्वर

आखाती देशात राहून एसीशी उभे वैर धरणारा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा आणि तो अजमानला आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. जूनमध्ये जिथे खिडकीची काच हाताला भाजते, तिथे हे गृहस्थ गळ्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळून वावरत. ते मूळचे लाटव्हियाचे. पेशाने ऑपेरातले गायक, त्यातही टेनर, म्हणजे पुरुषांच्या आवाजातली सर्वांत उंच पट्टी. "एसी इज मर्डरर, मॅडम. गला खलास!" असे ते मला लिफ्टमध्ये बजावत आणि लिफ्टचा पंखाही बंद करत. नाट्यसंगीतावर पोसलेल्या माझ्या बाबांनी त्यांचे लांबलचक नाव एकदाच ऐकले आणि त्यांना "बुवा" करून टाकले.

माझे शिक्षण रसायनशास्त्राचे. दुबईच्या रास अल खोर भागातल्या एका प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासत असे, आणि संशोधनासाठी आखाताबाहेर जाण्याची घाई मनात सदैव असे. साहजिकच बुवांकडेही मी प्रथम नमुना म्हणूनच पाहिले. निरीक्षण पहिले: कोणत्याही बंदिस्त जागेत शिरताच ते एक सणसणीत "हाऽऽ" सोडत आणि मान तिरकी करून घुमारा ऐकत. जिना, पाण्याच्या टाकीची खोली, माझी गाडी, यांपैकी काहीही त्यातून सुटले नाही. तळमजल्यावरच्या, वसईच्या फर्नांडिस आंटींच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्या हातून कालवणाचे पातेलेच सुटले. "बाय गं, ह्याला सांग, माणसासारखी बेल वाजव म्हणावं!" आंटी कडाडल्या. बुवा मात्र त्यांच्या भिंतीवरच्या टाइल्सची मनापासून तारीफ करून आले. निरीक्षण दुसरे: गाण्याच्या आदल्या दिवशी कडक मौन. आईने अशाच एका मौनात त्यांना ज्येष्ठमध नेऊन दिले, तर त्यांनी लवून तिच्या हाताचे चुंबन घेतले. "आता या हाताने पोळ्या करू का नको?" असे विचारत ती बराच वेळ ओट्याशी उभी होती.

एकेकाळी आपल्या शहरातल्या भव्य नाट्यगृहात हे बुवा नायक म्हणून गात. राजपुत्र, कवी, बंडखोर अशा नाना वेशांत ते तिथे प्रेमात पडले आणि बहुतेकदा शेवटच्या अंकात मेले. पुढे देश स्वतंत्र झाला, नाट्यगृहाची तिजोरी आटली, आणि एका हंगामापुरते म्हणून ते दुबईच्या हॉटेलात गायला आले. तो हंगाम काही संपला नाही. तिथे बुफेच्या शेजारी उभे राहून ते विरहाने व्याकूळ होत असताना लोक कोळंबी संपल्याची तक्रार करत. मी एकदा ते ऐकायला गेले होते. त्यांनी डोळे मिटून सर्वांत उंच स्वर लावला, आणि पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी "एक्स्क्यूज मी, हॅपी बर्थडे आता है क्या?" असे विचारले. बुवांनी तेही गाऊन दाखवले, तितक्याच गांभीर्याने.

अशात त्यांच्या जुन्या सहाध्याय्याचा निरोप आला. तो आता त्याच नाट्यगृहात अधिकारी झाला होता. नव्या प्रयोगात एक भूमिका मोकळी होती. बुवांचा वरचा स्वर अजून शाबूत आहे हे निवडसमितीला कॅसेटवर ऐकू आले, तर ती त्यांचीच. पन्नाशी ओलांडलेल्या टेनरला असा निरोप दुसऱ्यांदा येत नसतो. "स्टुडिओ झूठ बोलता है," म्हणून त्यांनी आमचा जिना निवडला. अडचण एकच: साऱ्या इमारतीच्या एसींची घरघर.

ती मोहीम मी हाती घेतली. शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर रस्ता ओस पडतो, ती वेळ ठरवली आणि दारोदार हिंडून एसी बंद ठेवण्याची विनंती केली. "भट्टी होईल गं बाय," आंटी म्हणाल्या, "पण देवासाठीच गातोय ना?"

"नाही आंटी, प्रेयसीसाठी. नाटकातल्या."

"मग तर दोन्ही एसी बंद करते!"

घामाने निथळत सगळे पायऱ्यांवर बसलो. बुवांनी ओठांवर बोट ठेवून सर्वांना शपथ घातली, टेपरेकॉर्डर चालू केला आणि गायला सुरुवात केली. हळूहळू तो आवाज जिन्यातून चढत गेला, आणि बुफेशेजारी कधीच न ऐकलेला तो वरचा स्वर असा निखळ लागला की माझ्या अंगावर त्या उकाड्यातही काटा आला. त्याच क्षणी बाबांची मांडीवर थाप पडली. "वाऽऽ! क्या बात है!"

जन्मभर ज्यांनी गवयाला दाद देणे हाच धर्म मानला, त्यांच्या तोंडून ती सुटणारच होती. गाणे संपताच बाबा कपाळाला हात लावून बसले. बुवांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी बाबांनी तोंडात रुमाल कोंबला होता. पण स्वर अर्ध्यावर चिरकला. "टुडे खलास," म्हणत बुवांनी बाबांचा खांदा थोपटला. त्यानंतर अनेक दिवस वरून तोच चिरकलेला स्वर ऐकू येत राहिला. अखेर त्यांनी बाबांच्या दादेसकट पहिलीच कॅसेट पाठवली.

बुवांकडे फोन नव्हता, म्हणून उत्तर आमच्याकडे आले, तेही बुवा कामावर असताना. सहाध्याय्याने मला इंग्रजीत स्पष्ट सांगितले: स्वर उत्तम आहे, परंतु श्रोत्याचा आवाज असलेली कॅसेट समिती विचारात घेत नाही, दुसरी पाठवा, नाहीतर भूमिका दुसऱ्याला जाईल. मी वर जाऊन निरोप शब्दशः फक्त बुवांना पोहोचवला. बुवांनी मफलर सोडला, घडी घातली, आणि ते थेट आमच्या घरी बाबांसमोर येऊन बसले.

"आन्सर आया," ते म्हणाले. "माय हाय नोट, फ्लॅट. थोडा नीचे था. सो, नो."

स्वतःच्या स्वराविषयी कुणी ब्र काढला तर आठवडाभर अबोला धरणारा हा माणूस. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी चहा ठेवायला आत गेले.

माझे शिक्षण मापनावर उभे आहे; परंतु त्या स्वराची अचूकता मोजायला मला उपकरणाची गरज नव्हती, आणि बाबांचा कान तर माझ्याहून कितीतरी तयार. मी कप घेऊन बाहेर आले, तेव्हा बाबा खाली पाहत होते.

"हो बुवा," ते म्हणाले, "मलाही जरासा उतरल्यासारखा वाटला खरा."

मग त्या निर्दोष स्वराला दोष देऊन ती दोन जाणकार माणसे, एकमेकांकडे न पाहता, गार होत चाललेला चहा पीत राहिली.